मागचं दार लावा, बांगडे आलेत

आमच्या शेजारचे सारंगकाका जेवायला बसण्याआधी स्वतःच्याच ताटाकडे एकदा नीट बघून घेतात. ताटात बांगडा असो, सौंदाळा असो, नाहीतर नुसती सुक्या जवळ्याची चटणी असो, ते उठतात, मागचं दार लावतात, कडी घालतात आणि मग जेवतात. डाळभात असला तर दार सताड उघडं.

मागच्या परसात त्यांचं तळं आहे आणि तळ्यात मासे आहेत. त्यांनी हे बघू नये म्हणून ही व्यवस्था.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा तपासणीला गेले होते आणि मला मागे जायचं होतं. काका तोंडातला काटा काढत म्हणाले, "वायच थांब गो सुलभा. एवढं संपू दे."

"तुम्ही जेवा ना. मी दार उघडून जाते."

"नको. आपला कोण माणूस कुणाच्या बशीत दिसला तर तुला बरं वाटेल काय?"

मी पाच मिनिटं ओटीवर बसून राहिले. काट्यांची बशी त्यांनी पुढच्या अंगणात नेऊन मांजराला दिली, हात साबणाने धुतले, हुंगून बघितले, आणि मग कडी काढली.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी आरोग्य खात्यात आहे. घरोघर जायचं, पिंपं, टाक्या, कुंड्यांखालच्या बश्या, करवंट्या, जुने टायर तपासायचे, डासांच्या अळ्या दिसल्या की पाणी ओतायला लावायचं. बावीस वर्षं हेच करते आहे. संध्याकाळी सहाला दारं-खिडक्या लावून घ्या, हे वाक्य मी झोपेतही बोलते असं आमचे हे म्हणतात. साचलेलं पाणी दिसलं की ते ओतून टाकायला माझा हात शिवशिवतो. नणंदेच्या मुलीच्या लग्नात मी टेबलावरच्या फुलदाण्या रिकाम्या केल्या होत्या, ते अजून मला ऐकवतात. आणि माझ्याच गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून दहा फूट बाय सहा फूट साचलेल्या पाण्याचा मालक राहतो.

सारंग हे काकांचं आडनाव नव्हे. ते मयेकर. बोटीवर खलाशांचा जो मुख्य असतो त्याला सारंग म्हणतात. काकांनी मालवाहू बोटींवर छत्तीस वर्षं काढली, नऊ महिने बाहेर आणि तीन महिने घरी या हिशेबाने. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण घराला अजून ते घर समजत नाहीत. पुढच्या पायऱ्या म्हणजे गँगवे, स्वयंपाकघर म्हणजे गॅली. महिन्यातून एकदा एसटीने जयगडला जातात, बंदराला लागलेली बोट लांबून बघतात आणि संध्याकाळी उदास होऊन परत येतात. "दोर ढिला सोडलेला. कोण सारंग आहे कोण जाणे."

त्यांची दोन वाक्यं कायमची ठरलेली. कुठे काही वाकडं दिसलं की, "बोटीवर असं चालत नाय." आणि कसे आहात विचारलं की, "ऑल वेल." एकदा माडाच्या शिडीवरून पडून त्यांचं मनगट वांग्याएवढं सुजलं होतं. ते पदराखाली लपवावं तसं पंच्याखाली लपवून त्यांनी मला ऑल वेल सांगितलं. माझ्यावर ते खूश असले की मी सुलभा, रागावले की मॅडम. त्यामुळे फाटकातच कळतं, आज कसं वागायचं ते.

हे तळं त्यांनी तीन वर्षांपूर्वी केलं. काकी गेल्या, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. चिरेखाणीवरचे दोन गडी आणून परसातला जांभा दगड खोदून घेतला. आम्ही सगळे सांगत होतो, काका, जांभ्यात पाणी ठरत नाही. पण छत्तीस वर्षं पाण्यावर राहिलेल्या माणसाला पाण्याबद्दल कोण सांगणार. त्यांनी दुपारभर पंप लावून तळं भरलं. दुसऱ्या सकाळी तळ कोरडा आणि पाणी माझ्या भेंडीच्या वाफ्यात.

"काका, तुमचं पाणी माझ्याकडे आलंय."

"असू दे," ते गडग्यावरून वाकून म्हणाले. "सध्या तिथेच असू दे."

मग सिमेंट झालं. नव्या सिमेंटच्या पाण्यात मासा जगत नाही, म्हणून केळीचे खांब चिरून पंधरा-पंधरा दिवस भिजत घातले, पाणी उपसलं, परत भरलं, परत खांब. असं तीन वेळा. दीड महिना आमच्या घराला कुजक्या केळीचा वास. शेवटी पाणी पसंत पडलं तेव्हा काकांनी आतल्या कडेला लाल रंगाची रेघ मारली, बोटीला असते तशी. पाणी रेघेच्या वर गेलं तर उपसायचं, खाली गेलं तर भरायचं. मे महिन्यात आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेव्हा काका अंगावर दोन तांबे कमी घेतात, पण रेघ राखतात.

कडेला वेखंड लावलं, अळू लावलं, मधे पांढरी कमळं सोडली. अळूचं मी कौतुक केलं, कारण दर आठवड्याला वड्यांची पानं गडग्यावरून माझ्याकडे येऊ लागली. खंड्या आणि बगळे येऊ लागले तेव्हा काकांनी बुजगावणं उभारलं. त्याला स्वतःचा बोटीवरचा नारिंगी डांगरीचा पोशाख, डोक्यावर हेल्मेट, हातात दोर. बगळ्यांना दोन दिवसांत त्याची सवय झाली. मीटर बघायला येणारा माणूस मात्र अजून त्याला राम राम घालतो. नारळीपौर्णिमेला काका तळ्याला नारळ देतात. फेकत नाहीत, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवतात. कुणाच्या डोक्यात बसू नये म्हणून.

आता मासे. दोन मोठे तांबडे, कुणीतरी आणून दिलेले. आणि एक मरळ.

मरळ बघण्यासारखा मुळीच नाही. हातभर लांब, चिखलाच्या रंगाचा, डोकं सापासारखं, एक डोळा पांढरा झालेला. पाहुणे तळं बघायला आले की कमळांचे फोटो काढतात आणि हा वर आला की मागे सरकतात. तांबड्या माशांना काका 'अरे-तुरे' करतात. मरळाचा उल्लेख मात्र आदराने. "ते आत्ता खाली आहेत." "त्यांना काल बरं नव्हतं." आम्हांला वाटायचं, म्हातारा गंमत करतो.

माझं आणि मरळाचं भांडण गप्पींवरून सुरू झालं. गप्पी मासे म्हणजे बोटाच्या पेराएवढे, डासांच्या अळ्या खातात. आमच्या ऑफिसच्या आवारातल्या टाकीत आम्ही ते वाढवतो आणि लोकांच्या विहिरींत सोडतो. काकांच्या तळ्यात मी पन्नास सोडले. चार दिवसांनी एकही नाही. मग शंभर सोडले.

"गप्पी कुठे गेले, काका?"

"असतील गो खाली. नवीन माणसं, लाजतात."

तिसऱ्या वेळी पिशवी रिकामी करून मी तिथेच थांबले. पाच मिनिटांत खालून तो काळा ओंडका वर आला आणि माझ्या देखत सरकारी गप्पींचा घास घेऊन सावकाश खाली गेला. काका आभाळाकडे बघत होते.

गणपती झाले आणि आमच्या आळीत डेंग्यूचे दोन रुग्ण सापडले. दुसऱ्याच दिवशी आमचे नवे साहेब स्वतः फिरतीला आले. काकांच्या तळ्यात त्यांनी पळी बुडवली, उन्हात धरली, आणि माझ्यापुढे केली. पाच अळ्या वळवळत होत्या.

"हे तुमच्या शेजारी?" साहेब म्हणाले.   काकांना त्यांनी आठ दिवस दिले. आठ दिवसांनी अळ्या दिसल्या तर तळं बुजवायचं.

साहेब गेल्यावर मी काकांना सरळ सांगितलं. "गप्पी टिकले तर अळ्या जातील. हा मरळ असेपर्यंत गप्पी टिकणार नाहीत. म्हणजे एकतर मरळ जाईल, नाहीतर तळं जाईल."

"तिसरं काय ते सांगा, मॅडम."

मॅडम. मी समजले. तरी म्हटलं, "औषध टाकते."

"ते राहतात त्यात. तुमच्या आमटीत टाकू काय औषध?"

"मग मरळ खालच्या वहाळात सोडू. तिथे डोहात बारा महिने पाणी असतं. सुखात राहील."

"एका डोळ्याने?"

"काका, रस्त्यापलीकडची पोर चार दिवस दवाखान्यात आहे."

 काका उठून आत गेले. पुढचे पाच दिवस गडग्यावरून अळू आलं नाही. मी ऑफिसला जाताना हाक मारली तर "ऑल वेल, मॅडम" एवढंच. रोज सकाळी ते गाळणं घेऊन तळ्याच्या कडेने वाकून अळ्या गाळताना दिसायचे, आणि रोज दुपारी मी जाऊन पळी बुडवली की तीन-चार निघायच्याच.

सातव्या दिवशी मी ठरवलं, आपणच काढायचा. संध्याकाळी ऑफिसातून येताना झाकणाची मोठी बादली आणि पाग टाकून मासे धरणाऱ्या भाच्याचं हातजाळं घेऊन मी त्यांच्या परसात गेले. सहा वाजत आले होते.

काका तळ्याकाठच्या दगडावर बसले होते. समोर मोठा टब, त्यात पाणी, आणि पाण्यात मरळ. त्यावर त्यांनी ओलं गोणपाट अर्धं पांघरलं होतं.

"आलीस? ते तयार आहेत," काका म्हणाले. "तू बोललीस ते बरोबर हाय. पोर आजारी पडली ती पडली, अजून कोण पडायला नको. एवढं सहा होऊ दे, मग ने."

"सहाला काय आहे?"

"आमची बोलायची वेळ."

मी बादली खाली ठेवली. "माशाशी काय बोलता, काका?"

ते बराच वेळ गोणपाट सारखं करत राहिले. मग त्यांनी सांगितलं. रडत वगैरे नाही. बोटीवरून घरी निरोप द्यावा, तसं.

काकींच्या वेळी इथेच, आता तळं आहे तिथे, विहिरीजवळ दगडाची दोण होती, भांडी घासायचं पाणी साठवायला. हा मरळ बोटाएवढा असताना काकींनी वहाळातून आणून तिच्यात सोडलेला. पाणी स्वच्छ राहतं म्हणून. काका तेव्हा बोटीवर. आठवड्याला फोन करायचे. काय गो, कसं काय? सगळं बरं, तुम्ही काळजी करू नका. पावसात कौलं उडाली तरी सगळं बरं, मुलगा अकरावीला नापास झाला तरी सगळं बरं.

"शेवटच्या खेपेला मी न कळवता लवकर आलो. पुढून आलो तर घरात कोण नाय. मागून आवाज. ऐकलंत का, म्हणते, आज गुरांच्या वाड्यात नाग निघाला, मी एकटी, हातपाय कापत होते. मला वाटलं, मी आलेला हिला कळलं. मी ओ द्यायला तोंड उघडलं, आणि बघतो तर ती दोणीत बघून बोलते. ह्यांच्याशी. अहो-जाहो करून."

मला हसू येईल असं वाटलं. आलं नाही.

"मग मी निवृत्त होऊन घरी बसलो. मी विचारायचो, काय गो? सगळं बरं. सवय ती. आणि संध्याकाळी सहाला भांडी घासायला मागे जायची. भांडी दोन, नि वेळ अर्धा तास. मी मागच्या दाराआड उभा राहून ऐकायचो."

"पुढे का नाही गेलात?"

"गेलो असतो तर गप्प झाली असती."

टबातलं पाणी हललं. काकांनी हात बुडवून पाणी सारखं केलं.

"छातीत दुखत होतं ते पण ह्यांनाच सांगितलं असणार. मला तर नाय सांगितलं. त्या दिवशी मी दाराआड नव्हतो. मिरकरवाड्याला बांगडे आणायला गेलो होतो." त्यांनी गोणपाटावर पाणी शिंपडलं. "मासे खाताना मागचं दार लावायचं, हा तिचाच नियम. ह्यांना बरं दिसत नाय म्हणायची. मी हसायचो."

मग म्हणाले, "हे काय मला सांगणार नाय, ते मला कळतं गो. मी खुळा नाय. पण तिचं सगळं ह्यांनी ऐकलंय. मी नाय ऐकलं. म्हणून मी येऊन बसतो, नि माझं ह्यांना सांगतो. उलटा निरोप."

मला काकी आठवल्या. मी दर महिन्याला त्या घरी जायचे. पिंप तपासायचे, टाकी तपासायचे, ती दोणही तपासायचे, आणि निघताना विचारायचे, काय काकी, बरं आहे ना? सगळं बरं, म्हणायच्या. मी वहीत तसं लिहून पुढच्या घरी जायचे.

 मी तळ्याची रुंदी हाताने मोजली. चार हात. "टबात किती वेळ राहील हा?" मी विचारलं.

"रात्र काढतील. हवा घेतात वरून."

"मग राहू दे. सकाळी सातला गडग्याशी या. जुना दोर आहे ना तुमच्याकडे?"

सकाळी मी मिरकरवाड्यावरून भाच्याकडचं जुनं जाळं आणलं. जाळ्याचे डोळे असे, की गप्पी आरपार जाईल आणि मरळाचं नाकही शिरणार नाही. काकांनी त्याला वरून दोर ओवला, खालून दगड बांधले आणि तळ्याच्या बरोबर मधून आडवं ताणलं. दोराच्या गाठी मी मारायला गेले तर हातातून काढून घेतल्या. "बोटीवर असं चालत नाय." मग एका बाजूला मी नवे गप्पी सोडले, दुसऱ्या बाजूला काकांनी मरळ. कमळं, वेखंड आणि लपायला जागा गप्पींकडे, मोकळं पाणी मरळाकडे. अळ्या खायला गप्पींनी पलीकडे यायचं आणि जीव घेऊन परत आत पळायचं.

"सगळे परत येतील असं नाही," मी म्हटलं.

"नोकरी म्हटली की ते आलंच," काका म्हणाले. "पगार चांगला आहे."

साहेबांपुढे मी मान खाली घालून चार दिवस जादा मागून घेतले. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच. चार दिवसांनी साहेबांनी पाच ठिकाणी पळी बुडवली. एकही अळी निघाली नाही. जाळ्याकडे बघून ते म्हणाले, "ही कल्पना कोणाची?" काका म्हणाले, "मॅडमची," आणि ते मॅडम त्या दिवशी रागाचं नव्हतं. जाताना साहेबांनी बुजगावण्याला नमस्कार केला.

संध्याकाळी गडग्यावर अळूची पानं होती, नेहमीच्या दुप्पट.

त्यानंतरची गोष्ट. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या तळ्यावर उघडते. एकदा सहाच्या सुमाराला कांदा चिरत होते, तर पलीकडून काकांचा आवाज आला. "आज जाळं घट्ट केलं. अकराला पोस्टात गेलो. बाकी ऑल वेल." मग जरा थांबून, हळू, "ऑल वेल नाय तसं. डावा गुडघा चार दिवस खाली टेकवत नाय. पायऱ्या उतरताना भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. वाटेत चार वेळा विचारलं त्यांनी, तुला कसं कळलं? मी म्हटलं, चालताना दिसतं. त्यांना ते पटलेलं नाही.

काल बांगडे मिळाले होते, चांगले ताजे. दुपारी तळायला घेतले आणि खिडकी लावून घेतली. घरभर धूर. आमचे हे डोळे पुसत येऊन म्हणाले, वारा अजिबात नाही आणि खिडकी कसली लावतेस? मी म्हटलं, असू दे.

सहा वाजता मात्र मी ती उघडते. गावभर उलटं सांगत फिरते, पण उघडते. डास येतात, चावतात. काकींच्या वेळी सहा वाजले की ही खिडकी मी न चुकता लावून घेत असे.